गर्विष्ठ म्हणायचं कुणाला?

१८८५ च्या सुमाराची गोष्ट. इंग्लंडमध्ये पंडिता रमाबाईंच्या ताटावरून वाद चालला होता. वाँटेजच्या मठात बाप्तिस्मा घेऊन त्यांना दीड-दोन वर्षं झाली होती, तरी त्या मांसाला शिवत नव्हत्या. मठातल्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या आईच्या जागी होत्या. पत्रांत रमाबाई त्यांना लाडाने ‘आजीबाई’ म्हणत. या आजीबाईंना रमाबाईंच्या शाकाहारात जातीचा ताठा दिसला. धर्म बदलला, पण सोवळं काही सुटलं नाही, अशी त्यांची तक्रार. रमाबाईंनी उलट सवाल केला. एखादी इंग्रज बाई हिंदूंमध्ये येऊन राहिली आणि कुणाला त्रास होत नसताना तिने आपल्या चालीरीती सोडल्या नाहीत, तर तिला गर्विष्ठ म्हटलेलं चालेल का?

वाद ताटापुरता राहिला नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरंच का, संस्कृत का नकोत, असं रमाबाईंनी विचारलं. त्यांनी तरुण पुरुषांना शिकवण्याची गोष्ट निघाली तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. तिचाही त्यांनी सडेतोड समाचार घेतला. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा त्रैक्याचा सिद्धांत पटत नाही तोवर पटला असं म्हणणार नाही, हेही सांगून टाकलं. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये हा पत्रव्यवहार ग्रंथरूपाने छापला. तो वाचताना वाटतं, की दोन्ही बायका एकाच देवाला शरण गेलेल्या, पण शरण जाणं म्हणजे नेमकं काय, याबद्दल त्यांचं एकमत अजिबात नव्हतं.

आणि ‘गर्विष्ठ’ हा शब्द ख्रिस्ती मठात उच्चारला गेला की तो साधा टोमणा राहत नाही. मराठीत गर्वाचं घर खाली असतं. ख्रिस्ती शिकवणुकीत साऱ्या पापांचं मूळच तिथे असतं. चोरी, व्यभिचार, खून ही नंतरची फळं.

ही कल्पना ज्या जगात जन्मली, त्या जगाला ती चक्रावून टाकणारी होती. अॅरिस्टॉटलच्या लेखी, ज्याची योग्यता मोठी आहे आणि ज्याला ती ठाऊकही आहे, असा माणूस सद्गुणी. स्वतःला योग्यतेपेक्षा कमी लेखणं हा त्याच्या हिशेबी दोष. ‘नम्र’ या अर्थाने नव्या करारात जो ग्रीक शब्द येतो, त्याला बाजारात ‘हलका’, ‘लाचार’, ‘खालच्या पायरीचा’ असा वास होता. लॅटिन शब्दाचं नातं तर थेट मातीशी, म्हणजे जमिनीलगतचा. असा शब्द कौतुकाचा कसा झाला? पौलाने फिलिप्पै इथल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात त्याचं उत्तर आहे. ख्रिस्ताने देवपण घट्ट धरून ठेवलं नाही, स्वतःला रिकामं केलं, दासाचं रूप घेतलं आणि क्रुसावर मरण पत्करलं, असं पौल सांगतो. फिलिप्पै ही रोमन वसाहत, निवृत्त शिपायांच्या वंशजांची. क्रूस ही गुलामांना आणि बंडखोरांना द्यायची शिक्षा, हे तिथल्या लोकांना समजावून सांगावं लागलं नसेल.

मग गर्व म्हणजे काय? याचं सर्वांत बारीक निरीक्षण इजिप्तच्या वाळवंटात झालं. इव्हाग्रियस हा कॉन्स्टँटिनोपलमधला नावाजलेला धर्मसेवक. तो एका विवाहितेच्या प्रेमात पडला, घाबरून शहर सोडलं आणि जेरुसलेममार्गे वाळवंटातल्या तपस्व्यांत जाऊन राहिला. तिथेच ३९९ मध्ये तो वारला. माणसाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी त्याने केली होती. खादाडपणापासून सुरू होणाऱ्या या यादीत शेवटचे दोन वेगवेगळे ठेवलेले आहेत: एक लौकिकाची हाव, दुसरा गर्व. लोकांनी वाहवा करावी असं वाटणं ही हाव. गर्वाला मात्र लोकही लागत नाहीत. आपल्या हातून जे चांगलं घडलं त्याचा उगम आपणच, देवाचा त्यात काही हात नाही, असं मनाने ठरवून टाकणं हा गर्व.

यातली गोम अशी, की बाकीचे विकार हरले की या दोघांना बळ येतं. उपास केला, झोप जिंकली, राग गिळला, आणि रात्री एकट्याने विचार आला, ‘मला जमलं!’ इव्हाग्रियसचा वारसा युरोपात नेणाऱ्या जॉन कॅसियनने लौकिकाच्या हावेला कांद्याची उपमा दिली आहे. एक पापुद्रा सोलला की खाली दुसरा तयार. पुढे पोप पहिला ग्रेगरी याने आठांची सात पापं केली आणि गर्वाला यादीतून काढून सर्वांच्या मुळाशी बसवलं. आजच्या सात महापापांच्या यादीत गर्व पुन्हा आत शिरलेला दिसतो. ती नंतरची डागडुजी.

लूकच्या शुभवर्तमानातली परूशी आणि जकातदाराची गोष्ट या निरीक्षणाच्या उजेडात वाचावी. दोघं मंदिरात प्रार्थनेला जातात. परूशी म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या पंथातला; आठवड्यातून दोनदा उपास करणारा, दशांश देणारा. लोक ज्याला पापी समजत तो जकातदार लांब उभा राहून छाती बडवतो आणि दया मागतो. परूशी काही देवाला विसरलेला नाही, हे बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. तो देवाचे आभारच मानतोय. पण आभाराच्या निमित्ताने त्याची नजर शेजारच्या जकातदाराकडे वळते आणि तो स्वतःला त्याच्याशी ताडून बघतो. बिघाड तिथे आहे.

हा बिघाड स्वतःत सापडला, असं कबूल करणारा सर्वांत मोठा माणूस म्हणजे संत ऑगस्टीन. जन्म ३५४ चा, आजच्या अल्जीरियातला. वक्तृत्व शिकवणं हा धंदा. तरुणपणी बायबल हातात घेतलं तेव्हा सिसेरोच्या भारदस्त लॅटिनपुढे ते त्याला गावठी वाटलं. नंतर त्याने लिहून ठेवलं, की दार ठेंगणं होतं आणि आपली मान वाकायला तयार नव्हती. मिलानमध्ये बादशहाच्या स्तुतीचं भाषण तयार करत असताना, ज्यात बराचसा मजकूर खोटा हे त्याला ठाऊक होतं, रस्त्यात एक भिकारी दिसला. चार नाणी मिळालेला, प्यालेला, खुशीत हसणारा. आपण एवढ्या खटपटी करून जे मिळवायला धडपडतोय ते याला आधीच मिळालंय, हा विचार ऑगस्टीनला बोचला.

त्याच दिवसांत त्याला व्हिक्टोरिनसची हकीकत ऐकायला मिळाली. रोममधला हा वृद्ध पंडित इतका मोठा, की शहराच्या चौकात त्याचा पुतळा होता. तो खासगीत एका पाद्र्याला सांगे, की मी मनाने ख्रिस्तीच आहे. पाद्री म्हणे, चर्चमध्ये दिसाल तेव्हा मानेन. व्हिक्टोरिनस थट्टा करी, भिंतींमुळे माणूस ख्रिस्ती होतो की काय? खरी भीती होती ती प्रतिष्ठित मित्रांची. अखेर तो बाप्तिस्म्याला तयार झाला तेव्हा, संकोच वाटत असेल तर शपथ खासगीत घ्या, अशी सवलत चर्चने देऊ केली. ती त्याने नाकारली आणि सर्वांदेखत उंच जागी उभं राहून विश्वास जाहीर केला. ऑगस्टीनने ३८७ मध्ये बाप्तिस्मा घेतला; त्याआधी ही गोष्ट त्याच्या डोक्यात घोळत होती.

पण त्याला सर्वांत जास्त छळलं ते दुसऱ्याच एका अनुभवाने. त्याला बदलायचं होतं आणि बदलता येत नव्हतं. हाताला आज्ञा केली की हात हलतो, मनाने मनालाच आज्ञा केली की मन अडून बसतं. सवयीची साखळी इतकी पक्की, की इच्छा स्वतःलाच पुरी पडत नाही. म्हणून त्याने प्रार्थनेत अशी विनवणी लिहिली, की आज्ञा देवाने करावी आणि ती पाळायचं बळही देवानेच द्यावं.

ही विनवणी रोममध्ये एका बिशपने वाचून दाखवली आणि ऐकणाऱ्यांतला पेलाजियस भडकला.

पेलाजियस मूळचा ब्रिटनचा, साधा राहणारा, कडक शिस्तीचा. रोमच्या श्रीमंत ख्रिस्ती घरांत तो गुरूस्थानी होता. नावापुरता धर्म आणि सुखाचा संसार हे तिथलं चित्र बघून तो वैतागला होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. देव न्यायी आहे, तर तो अशक्य गोष्टीची आज्ञा कशी करेल? ज्या अर्थी आज्ञा आहे, त्या अर्थी पाळणं शक्य आहे. ‘बळ दे’ म्हणत बसणं ही आळशांची पळवाट. आजच्या वाचकाला पेलाजियस पटकन पटतो, आणि त्यात नवल नाही. शाळेच्या भिंतींवरचे सगळे सुविचार त्याच्याच बाजूचे असतात.

दोघांतला फरक एका मुलीच्या निमित्ताने लख्ख दिसला. ४१० मध्ये अलारिकच्या सैन्याने रोम लुटलं आणि अनेक बडी घराणी आफ्रिकेत पळाली. त्यांपैकी अनिकी घराण्यातल्या देमेत्रियास या किशोरवयीन मुलीने ४१३ मध्ये लग्न नाकारून संन्यस्त जीवनाचं व्रत घेतलं. तिच्यासाठी पेलाजियसने लांबलचक पत्र लिहिलं. पैसा आणि घराणं हे दुसऱ्यांकडून आलेलं आहे, पण आत्म्याची श्रीमंती तुझी तूच मिळवायची आहेस, ती दुसरं कुणी देऊ शकत नाही, असा त्यात उपदेश होता. ऑगस्टीनने काही वर्षांनी तिच्या आईला, ज्युलियानाला, लिहिलं, की नेमकं हेच वाक्य विषारी आहे. कारण जी सर्वांत मौल्यवान गोष्ट, तीच देवाकडून आलेली नाही असं त्या मुलीला शिकवलं जातंय. ज्या मुलीने घराण्याचा तोरा सोडला, तिच्या हाती त्याहून मोठा तोरा दिला जातोय.

वादाचा शेवट मात्र नम्रतेला शोभेसा झाला नाही. पॅलेस्टाईनमधल्या धर्मसभेने ४१५ मध्ये पेलाजियसला निर्दोष ठरवलं. ४१८ मध्ये कार्थेजच्या सभेने त्याची मतं धिक्कारली आणि त्याच सुमारास सम्राट होनोरियसने त्याला रोममधून हद्दपार करण्याचं फर्मान काढलं. माणसाने स्वतःच्या बळावर विसंबू नये, हा सिद्धांत राजदंडाच्या बळावर जिंकला. चर्चनेही ऑगस्टीनचं सगळं काही उचललं नाही. ५२९ च्या ऑरेंजच्या सभेने चांगुलपणाची सुरुवात देवाच्या कृपेतून होते हे मान्य केलं, पण देवाने काहींना आधीपासून पापासाठीच नेमून ठेवलंय हा विचार झिडकारला. ऑगस्टीनच्या म्हातारपणच्या लिखाणाचा कल बघता ती लगाम घालण्याची वेळ आलेली होतीच.

ऑगस्टीनचं निरीक्षण किती टिकाऊ होतं, याचा दाखला दीड हजार वर्षांनी अनपेक्षित ठिकाणी मिळतो. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अॅक्रन गावी बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस आणि बॉब स्मिथ हा शल्यविशारद भेटले. दोघंही दारूने पोखरलेले, आणि इच्छाशक्ती कमी पडते हे पुन्हा पुन्हा अनुभवलेले. त्यांच्या भेटीतून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस उभी राहिली. १९३९ मध्ये छापलेल्या तिच्या बारा पायऱ्यांपैकी पहिली पायरी म्हणजे दारूपुढे आपण हतबल आहोत ही कबुली. ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीतून आलेला हा विचार, देव कसा समजायचा ते ज्याचं त्याने ठरवावं, एवढी मोकळीक देऊन जगभर गेला. तिथे ‘मी सोडेन’ असं दंडावर थाप मारून सांगणाऱ्याकडे जुने सभासद जरा काळजीने बघतात.

देवावर विसंबायचं तर हातपाय हलवायचे की नाही, ही पेलाजियसची शंका मात्र उरतेच. निर्गम ग्रंथात तिचं एक चविष्ट उत्तर आहे. वाळवंटात इस्राएली लोकांना रोज पहाटे मान्ना हा देवाने पाठवलेला आहार मिळे. पण तो वेचायला जावं लागे, आणि एका दिवसापुरताच वेचायचा. उद्याची बेगमी म्हणून साठवला की त्यात किडे पडत. अपवाद एकच: सहाव्या दिवशी दुप्पट, कारण सातवा विसाव्याचा. प्रभूच्या प्रार्थनेतही मागणं आहे ते रोजच्यापुरतं, आणि मराठी बायबलने त्यासाठी ‘भाकर’ हा शब्द योजला तो अगदी नेमका. भाकर उद्यासाठी ठेवली की ती भाकर राहत नाही.

एकोणिसाव्या शतकात ब्रिस्टलमध्ये जॉर्ज म्यूलरने हा रोजचा हिशेब अक्षरशः पाळायचं ठरवलं. प्रशियात जन्मलेला हा माणूस पोरवयात चोऱ्या करणारा, सोळाव्या वर्षी खानावळीचं बिल बुडवल्याबद्दल तुरुंगाची हवा खाऊन आलेला. १८३६ मध्ये त्याने अनाथाश्रम सुरू केला. नियम असा, की कुणाकडे देणगी मागायची नाही, कर्ज काढायचं नाही, गरज फक्त देवाला सांगायची. पुढे अॅशली डाऊनवर पाच प्रचंड इमारती उभ्या राहिल्या, दोन हजारांवर मुलं मावतील एवढ्या. १८९८ मध्ये तो वारला तोवर दहा हजारांहून जास्त मुलं तिथून गेली होती. वार्षिक अहवाल मात्र तो नेमाने छापत असे, आणि अहवाल छापणं हीसुद्धा एक प्रकारे मागणीच की, असं कुणी म्हटलं तर ते खोडून काढणं कठीण आहे. पण पै-पैच्या पावत्या ठेवणारा हा माणूस विसंबणं आणि बेहिशेबी असणं यांत गल्लत करणारा नव्हता.

या शिकवणुकीची काळी बाजूही सांगायला हवी. नम्र व्हा, हे वाक्य कोण कुणाला म्हणतो यावर सगळं अवलंबून असतं. १८०७ मध्ये लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी म्हणून खास निवडक बायबल छापलं गेलं. त्यात जुन्या कराराचा बहुतेक भाग गाळलेला होता, आणि इजिप्तच्या गुलामीतून इस्राएली लोक सुटतात ती हकीकत तर हटकून. गुलामाने मान वाकवावी हे धडे शिल्लक होते. विसाव्या शतकात वेगळी शंका निघाली. गर्व हेच मूळ पाप, असं रेनहोल्ड नीबूरसारखे मोठे धर्मपंडित सांगत असताना व्हॅलेरी सेविंग या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९६० मध्ये एका निबंधात म्हटलं, की हे वर्णन पुरुषांच्या अनुभवावरून बेतलेलं आहे. जिला लहानपणापासून स्वतःला पुसून टाकायलाच शिकवलं, तिचा दोष गर्व नसतो. स्वतःचं असं काही नसणं हा असतो. तिला आणखी नम्र व्हायला सांगणं म्हणजे आजार वाढवणारं औषध देणं.

सेविंगबाईंच्या पाऊणशे वर्षं आधी रमाबाईंनी हे ओळखलं होतं, असं त्यांच्या पत्रांवरून दिसतं. भारतातल्या भटा-पुरोहितांच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवली आहे, ती लगेच दुसऱ्या तशाच जोखडात घालणार नाही, असं त्यांनी सिस्टर जेराल्डिनना कळवलं. देवाची आज्ञा म्हणून पुढे केलेली प्रत्येक गोष्ट देवाचीच असते, हे त्यांना मान्य नव्हतं.

म्हणून रमाबाईंना गर्व ठाऊक नव्हता असं नाही. त्यांनी तो फार जवळून पाहिला होता. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे गाढे पंडित. कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणं सांगत फिरे. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात पैसा संपला आणि अन्नान्न दशा झाली. आधी वडील गेले, मग आई, मग बहीण. पुढे या उपासमारीबद्दल लिहिताना रमाबाईंनी दोष फक्त पावसाला दिला नाही. जातीचा आणि विद्येचा अभिमान आड आला, म्हणून आपण अंगमेहनतीचं एखादं काम शिकायला वाकलो नाही. वाकलो असतो तर आईवडील कदाचित वाचले असते, असं त्यांनी लिहून ठेवलं. आठ विचारांची यादी करणाऱ्या इव्हाग्रियसलाही गर्वाची एवढी थेट किंमत मोजावी लागली नव्हती.

१८८९ मध्ये त्या भारतात परतल्या आणि मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, ते पुढे पुण्याला नेलं. खर्चाची हमी बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांपुरती घेतली होती. सदनातल्या मुलींच्या धर्मांतराच्या वादावरून १८९३ मध्ये पुण्यातल्या सल्लागार मंडळाने अंग काढून घेतलं. दहा वर्षांनंतर काय, हा प्रश्न समोर असताना त्यांनी म्यूलरचं चरित्र वाचलं आणि असं विसंबून राहणं हिंदुस्थानात जमेल का, असं स्वतःला विचारलं. उत्तर शोधायला सवड मिळाली नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायका घेऊन आल्या. १९०० च्या दुष्काळात गुजरातमधून आणखी. पुण्याजवळ केडगावच्या माळावर उभ्या राहिलेल्या मुक्ती सदनात दोन हजारांच्या घरात तोंडं झाली.

तिथे रमाबाईंनी प्रार्थना केली आणि विहिरीही खणून घेतल्या. मुलींना शेती, विणकाम, तेलघाणी, छपाई शिकवली. पंडिताच्या घरात जे काम शिकायला कुणी वाकलं नाही, ते इथे अभ्यासक्रमात होतं. म्यूलरच्या आश्रमात आणि मुक्तीत हाच फरक डोळ्यांत भरतो: इथे वाकणं आधी मातीकडे होतं.

उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं नवं मराठी भाषांतर हाती घेतलं, कारण आधीचं भाषांतर त्यांना संस्कृतप्रचुर वाटे. कलकत्त्याच्या पंडितसभेने १८७८ मध्ये ज्यांना ‘सरस्वती’ ही पदवी दिली होती, त्या बाई खेड्यातल्या अडाणी बाईला कळेल असा शब्द शोधत वर्षानुवर्षं बसल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या वारल्या. बायबल पूर्ण छापून बाहेर पडलं ते त्यानंतर दोन वर्षांनी, मुक्तीच्याच छापखान्यातून; खिळे जुळवण्याचं काम तिथल्या बायका-मुलींनी केलं होतं.